बोंडअळीलाही वारसा असतो

2017 च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी कपाशीची बोंडे फोडून पाहिली, तेव्हा अनेक शेतांत आत किडलेली सरकी, डागाळलेली रुई आणि गुलाबी बोंडअळी सापडली. पेरलेले बियाणे बीटी होते. बोंडअळीला मारणारे विष झाड स्वतःच तयार करते, हे सांगूनच ते विकले गेले होते. त्या नुकसानीनंतर दोन मते पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागली. एक म्हणजे, निसर्गात ढवळाढवळ केली की असेच होणार, जनुक बदललेले पीक मुळातच खोटे. दुसरे म्हणजे, जुने जनुक निकामी झाले आहे, परवानगी द्या, नवे आले की प्रश्न मिटेल. ही दोन्ही मते फक्त झाडाकडे पाहतात. आपण झाडाच्या वारशात बदल करतो, पण आनुवंशिकतेचे नियम त्या एका झाडापुरते थांबत नाहीत. तेच नियम त्या झाडावर जगणाऱ्या अळीलाही लागू असतात आणि त्याच शेतात दर महिन्या-दीड महिन्याला तिची नवी पिढी घडवत असतात. कपाशीवर जी आपत्ती आली ती आनुवंशिकतेत हात घातल्यामुळे आलेली नाही. हात घातल्यावर तिचे गणित अर्ध्यावर सोडून दिले, म्हणून ती आली.

ते गणित फार अवघड नाही. तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या ब्रनो शहरातील मठात ग्रेगोर मेंडेल यांनी 1856 ते 1863 या काळात वाटाण्यावर प्रयोग केले. गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या वाणांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. या पिढीच्या झाडांचे स्वपरागीभवन होऊ दिल्यावर पुढच्या पिढीत 5474 दाणे गोल आणि 1850 सुरकुतलेले मिळाले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. सुरकुती नाहीशी झालेली नव्हती, ती एक पिढी लपून राहिली होती. यावरून मेंडेल यांनी अनुमान काढले की प्रत्येक गुणासाठी सजीवाकडे दोन घटक असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेला. ते एकमेकांत विरघळत नाहीत, पुढच्या पिढीला देताना पुन्हा सुटे होतात. या घटकांना आज आपण जनुके म्हणतो. दोन प्रतींपैकी एकच असूनही जो गुण दिसतो तो प्रभावी, आणि दिसायला दोन्ही प्रती लागतात तो अप्रभावी. 1866 मध्ये छापलेल्या या निबंधाकडे 1900 पर्यंत फारसे कोणी पाहिले नाही. पुढे 1990 मध्ये मेंडेल यांच्या त्या सुरकुतीचे कारणही सापडले. पिष्टमय पदार्थ घडवणाऱ्या एका विकराच्या जनुकात डीएनएचा एक परका तुकडा घुसलेला आहे, त्यामुळे दाण्यात साखर व पाणी जास्त राहते आणि वाळताना तो आक्रसतो. जनुकात बाहेरचा तुकडा घुसणे ही घटना प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीपासून घडत आली आहे, आणि आनुवंशिकीच्या पायाभूत प्रयोगातच ती हजर होती.

मेंडेल यांच्या हजारो वर्षे आधीपासून माणूस पिकांचा वारसा बदलत आला आहे. त्याला नियम ठाऊक नव्हते, निवड करणे मात्र साधले होते. मेक्सिकोतल्या एका रानगवताच्या मूठभर टणक दाण्यांतून सुमारे 9000 वर्षांच्या निवडीने मका घडला. आपल्याकडची मालदांडी ज्वारीही निवडीतूनच आली. स्थानिक वाणांतून मोहोळच्या केंद्रावर निवडलेली ‘एम 35-1’ आजही रब्बीच्या शेतात उभी असते. विसाव्या शतकात संकर मुद्दाम घडवले जाऊ लागले. सुरतच्या केंद्रावर सी. टी. पटेल यांनी 1970 मध्ये दिलेले ‘संकर-4’ हे व्यापारी लागवडीसाठी आलेले जगातले पहिले संकरित कापूस वाण. त्याही पुढे जाऊन बियाण्यावर किरणांचा मारा करून जनुकांत बदल घडवायचे आणि त्यांतले उपयोगी तेवढे ठेवायचे ही पद्धत आली. मुंबईतल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा रीतीने भुईमुगाचे अनेक वाण दिले. त्यांपैकी ‘टॅग-24’ या नावातच ट्रॉम्बे आणि अकोला आहेत. या भुईमुगाच्या डीएनएत नेमके कुठे काय बदलले हे तपासून कोणी शेंगा खाल्ल्या नाहीत, आणि त्यात बिघडलेही काही नाही. खुद्द कपाशीकडे पाहिले तर आपल्याकडच्या देशी कापसात 26 गुणसूत्रे असतात आणि आज जवळजवळ सर्वत्र पेरल्या जाणाऱ्या अमेरिकी कापसात 52. दोन वेगळ्या जातींचे संपूर्ण जनुकसंच 10 ते 20 लाख वर्षांपूर्वी आपोआप एकत्र आले, तेव्हा ही कपाशी जन्माला आली.

बीटीमध्ये नवे होते ते एवढेच की जनुक वनस्पतीकडून न घेता मातीतल्या एका जिवाणूकडून घेतले. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा तो जिवाणू. 1901 मध्ये जपानमध्ये इशिवाता यांना तो आजारी रेशीमकिड्यांत सापडला, आणि पुढे जर्मनीतल्या थुरिंजिया प्रांतात बर्लिनर यांनी त्याचे वर्णन करून त्याला नाव दिले. हा जिवाणू प्रथिनाचे स्फटिक बनवतो. अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो. त्यात स्फटिक विरघळतो, मोकळे झालेले प्रथिन आतड्याच्या पेशींवरील विशिष्ट ग्राहक रेणूंना चिकटते, पेशींना छिद्रे पडतात आणि अळी खाणे थांबवून मरते. माणसाचे जठर आम्लधर्मी आहे आणि त्या प्रथिनाला चिकटायला लागणारे ग्राहक आपल्या आतड्यात नाहीत. या प्रथिनाचे जनुक कपाशीत पोचवण्याचे काम दुसऱ्या एका जिवाणूकडून करून घेतले गेले. ॲग्रोबॅक्टेरियम हा वनस्पतींवर गाठी आणणारा जिवाणू आपल्या डीएनएचा तुकडा वनस्पतीच्या गुणसूत्रात घुसवतो. शास्त्रज्ञांनी तुकड्यातली गाठीची जनुके काढली आणि हवे ते जनुक तिथे बसवले. भारतात 26 मार्च 2002 रोजी जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन बीटी संकरित वाणांना मंजुरी मिळाली. त्यात ‘क्राय1एसी’ हे एकच जनुक होते. 2006 मध्ये ‘क्राय2एबी’ हे दुसरे जनुक जोडलेले ‘बोलगार्ड-2’ आले. दहा वर्षांच्या आत देशातले नव्वद टक्क्यांहून अधिक कपाशीचे क्षेत्र बीटीखाली गेले.

आता अळीच्या बाजूने पाहू. कोट्यवधी अळ्यांमध्ये काहींच्या ग्राहक रेणूचे जनुक जन्मतःच बिघडलेले असते. बीटी प्रथिनाला तिथे नीट चिकटता येत नाही. हा प्रतिकाराचा गुण बहुतेक वेळा अप्रभावी असतो, म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच अळी वाचते. समजा अशी प्रत हजारात एक आहे. मग दोन्ही प्रती बिघडलेली अळी दहा लाखांत एकच निघेल, आणि एक प्रत बिघडलेल्या सुमारे दोन हजार निघतील. झाडातले विष पुरेसे तीव्र असेल तर हे दोन हजारही मरतात, वाचते ती एकटी. तिचा पतंग झाल्यावर त्याचा जोडीदार कोण, यावर सगळे ठरते. जवळपास बिनबीटी कपाशी असेल तर तिथून आलेल्या हजारो साध्या पतंगांपैकी एखाद्याशी त्याचे मीलन होईल, पिल्लांना बिघडलेली प्रत एकच मिळेल, आणि ती सगळी बीटी खाऊन मरतील. आजूबाजूला फक्त बीटीच असेल तर वाचलेल्याला वाचलेलाच भेटेल आणि त्यांची सगळी प्रजा प्रतिकारक निघेल. आश्रयपट्ट्याची, म्हणजे शेतकरी ज्याला रेफ्युजी म्हणतात त्या बिनबीटी ओळींची सक्ती याचसाठी होती. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅम बिनबीटी बियाणे दिले जाई आणि ते शेताच्या कडेने लावायचे असे. हा नियम कोणा अधिकाऱ्याची लहर नव्हती. मेंडेल यांचे गणितच तो शेतात उतरवू पाहत होता.

हे नुसते कागदावरचे तर्क नाहीत, याचा उत्तम पुरावा कपाशीच्या शेतातच आहे. तिथे हिरवी बोंडअळीही येते. गुलाबी आणि हिरवी, दोघींवर तीच दोन जनुके, त्याच शेतात, तितकीच वर्षे वापरली गेली. गुलाबी बोंडअळीचा ‘क्राय1एसी’ला प्रतिकार गुजरातमध्ये 2010 पर्यंत सिद्ध झाला. त्यानंतर ‘बोलगार्ड-2’च्या बोंडांतही ती जिवंत सापडू लागली आणि 2017 मध्ये तिने महाराष्ट्रातली बोंडे पोखरली. एके काळी कपाशीची सर्वांत मोठी शत्रू असलेली हिरवी बोंडअळी मात्र बीटीसमोर तशी उसळली नाही. फरक त्यांच्या आहारात आहे. हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो, मका असे बरेच काही खाते. तिच्या साध्या पतंगांची पैदास आपल्या तुरीच्या ओळींत आणि हरभऱ्याच्या शेतात आपोआप होत राहिली, कोणी नियम पाळो वा न पाळो. गुलाबी अळीचे पोट जवळजवळ केवळ कपाशीवर चालते. तिच्यासाठी आश्रय माणसानेच ठेवायचा होता, आणि तो ठेवला गेला नाही. जनुक खोटे असते तर दोन्ही अळ्या सारख्याच सुटल्या असत्या.

दुसरी चूक अधिक खोल आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. बीटी जनुक अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांत घातले गेले. भारतात ते जवळजवळ केवळ संकरित वाणांत आले. संकरिताच्या दोन पालकांपैकी एकातच बीटी जनुक असेल तर पेरलेल्या झाडात त्याची एकच प्रत असते. अशा झाडाच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी असते, आणि तिथे मेंडेल यांचे तीनास एक हे प्रमाण पुन्हा उगवते. एकेका जनुकापुरते पाहिले तर चारातल्या एका सरकीत ते नसतेच. गुलाबी अळी तर बोंडात शिरून सरकीच खाते. बोंडाची साल आईच्या झाडाची असल्याने तिच्यात विष असते, पण आत गेलेल्या अळीला विषारी आणि निर्विष दाणे मिसळून मिळतात. पूर्ण मात्रा न मिळाल्याने एक प्रत बिघडलेली अळीही तग धरू शकते. ज्या दोन हजारांना मारण्यावर सगळी योजना उभी होती, त्यांनाच अशी वाट मिळाली. त्यात भर पडली ती हंगामाच्या लांबीची. संकरित वाण बरेचसे 160 ते 180 दिवसांचे, आणि पाण्याची सोय असली की फरदड घेऊन, म्हणजे वेचणीनंतरही तेच पीक उभे ठेवून, त्याहून लांबवलेले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2005 मध्येच दाखवले होते की सुमारे 110 दिवसांनंतर झाडातले ‘क्राय1एसी’ परिणामकारक पातळीखाली घसरते. म्हणजे अळीची शेवटची आणि सर्वांत मोठी पिढी येते तेव्हा विष सर्वांत पातळ. प्रतिकार निपजवण्यासाठी याहून सोयीची व्यवस्था ठरवूनही करता आली नसती.

जिथे गणित जुळले तिथे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात शेतकऱ्यांनी सुरुवातीपासून आश्रयपट्टे ठेवले आणि गुलाबी अळी दहा वर्षे बीटीला बळी पडत राहिली. नंतर बीटी कपाशीच्या जोडीला किरणोत्साराने वंध्य केलेले पतंग प्रचंड संख्येने सोडले गेले, आणि 2018 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने कपाशीच्या पट्ट्यातून ही कीड नाहीशी झाल्याचे जाहीर केले. चीनमधली कथा तर योगायोगाची आहे. यांगत्से खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी बीटी आणि बिनबीटी यांच्या संकरातून आलेले दुसऱ्या पिढीचे बियाणे पेरायला सुरुवात केली, कारण ते स्वस्त होते. या पिढीत चारातले एक झाड संपूर्ण बिनबीटी निघते. शेतात विखुरलेला आश्रय आपसूक तयार झाला आणि तिथे वाढू लागलेला प्रतिकार मागे हटला. बोंडातल्या सरकीची मिसळ तिथेही होतीच, तरी पूर्ण बिनबीटी झाडांचा फायदा तिच्यावर मात करणारा ठरला. तीनास एक हेच प्रमाण एका बोंडात अळीला वाचवते आणि झाडाझाडांत विभागले तर आपल्याला वाचवते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बीटी येण्याने मुळात फायदाच झाला नव्हता, मग त्याची बाजू का घ्यायची. आकडे संमिश्र आहेत आणि ते तसेच मांडायला हवेत. 2001-02 मध्ये देशाची रुईची उत्पादकता हेक्टरी सुमारे 300 किलो होती, 2007-08 पर्यंत ती साडेपाचशेच्या घरात गेली. पण याच काळात गुजरातेत सिंचन वाढले, खतांचा वापर वाढला, नवी कीटकनाशके आली. सगळी वाढ बीटीच्या खात्यावर टाकणारे चुकतात. त्यानंतर उत्पादकता थबकली आणि घसरलीही, तिचा सगळा दोष बीटीला देणारेही चुकतात. बीटी जनुक उत्पादन वाढवत नाही, बोंडअळीने होणारे नुकसान वाचवते. कोरडवाहू जमिनीत पाऊस दगा देतो तेव्हा त्या जनुकाला करण्यासारखे काही नसते. रस शोषणाऱ्या तुडतुडे, पांढरी माशी अशा किडींवरही ते चालत नाही, म्हणून फवारणी चालू राहते. 2017 मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. एका जनुकाकडून सगळ्या रोगांचे औषध मागणे, हे त्या जनुकाला विकणाऱ्यांनी शिकवले आणि आपण शिकलो.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याकडे बोट दाखवतो: रेफ्युजीचे पाकीट बांधावर फेकून देणारा तोच ना? खरे आहे, बहुतेकांनी ते लावले नाही. पण दोन एकरांच्या धन्याला एकपंचमांश कपाशी अळीला खाऊ दे असे सांगायचे, त्याचा फायदा मात्र आजूबाजूच्या सगळ्यांच्या शेतांना आणि तोही काही वर्षांनी, अशी ती मागणी होती. ॲरिझोनातल्या शेकडो एकरांच्या मळ्याचा नियम विदर्भातल्या तुकड्याला तसाच लावला गेला. अलीकडे बिनबीटी बियाणे त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली आहे. हे आधी झाले असते तर दोष कोणाचा हा प्रश्नच उरला नसता. संकरिताचा आग्रह तर शेतकऱ्याने धरलेला नव्हता. संकरिताची सरकी पुन्हा पेरली तर गुण विखुरतात आणि पीक एकसारखे येत नाही, म्हणून दर वर्षी नवे बियाणे घ्यावे लागते. कंपन्यांना ते सोयीचे होते. सार्वजनिक संस्थांनी बीटी सरळ वाण आणायला हवे होते. 2009 मध्ये ‘बिकानेरी नर्मा’च्या रूपाने ते आले, पण लवकरच मागे घ्यावे लागले आणि ती जागा रिकामी राहिली. या अपयशाचा मोठा वाटा धोरणाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उरला नव्या जनुकांवरचा भरवसा. तणनाशक सहन करणारी कपाशी मंजुरीविना विदर्भात पेरली जाते हे आता लपलेले नाही. 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने ती उघडपणे पेरली. निंदणीच्या मजुरीने पिचलेल्या माणसाची गरज खरी आहे. पण तणांनाही वारसा असतो. अमेरिकेत ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारी पिके आल्यावर दहा वर्षांच्या आत राजगिऱ्याच्या कुळातले एक तण त्या औषधाला दाद देईनासे झाले, आणि आज ते तिथल्या कपाशीचे मोठे दुखणे आहे. 2012 मध्ये पुढे आलेल्या क्रिस्पर तंत्राने तर परके जनुक न घालताही झाडाच्या स्वतःच्या डीएनएत नेमका बदल करता येतो. भारताने 2022 मध्ये अशा काही बदलांना जनुक-परिवर्तित पिकांच्या कडक नियमांतून वगळले आणि 2025 मध्ये तांदळाचे दोन जनुक-संपादित वाण जाहीर झाले. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र कीड किंवा रोगाशी सामना असेल तिथे बदल कोणत्या हत्याराने केला याला समोरच्या जिवाच्या लेखी काहीच महत्त्व नसते. त्याला मारणारा दबाव आला की वाचणाऱ्यांचीच पुढची पिढी होते. तंत्र अचूक झाले म्हणून नैसर्गिक निवड सुटी घेत नाही.

म्हणून यापुढे कोणत्याही कीडप्रतिकारक वाणाला मंजुरी देताना एवढी माहिती जाहीर झाली पाहिजे: कीड आणखी काय खाते, प्रतिकाराचा गुण प्रभावी आहे की अप्रभावी, झाडात जनुकाची प्रत एक आहे की दोन, आणि वाण किती दिवसांत हंगाम आटोपते. पाकिटावर विक्रमी उत्पादनाची चित्रे छापतात, तिथे या चार ओळींना जागा नक्की आहे. कापूस पिकवणाऱ्यांनी कृषी सेवा केंद्रात वाणाच्या नावाआधी त्याचे दिवस विचारावेत आणि दीडशे दिवसांच्या आत संपणारे वाण घ्यावे. डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली न उमललेली फुले, दिसताच तोडून नष्ट कराव्यात, कामगंध सापळे वेळेवर लावावेत, आणि डिसेंबरअखेर शेत रिकामे करावे. फरदडीचा मोह गावाने मिळून टाळावा, कारण पतंगाला बांध दिसत नाही. पऱ्हाटीचे ढीग आणि जिनिंगमधली किडकी सरकी हे अळीचे हिवाळ्यातले घर आहे. ते मोडायला कोणतेही नवे जनुक लागत नाही, आणि कोणाची मंजुरीही लागत नाही.